रोबो जावई कुठे आहे?

सायन्स फिक्शनमध्ये लव्हस्टोरी आली की तिची वाट लागते, आणि ही लव्हस्टोरी बायकांसाठी घुसडलेली असते. हे मत मी हार्बर लाइनच्या गाडीत ऐकलंय, सारसोळे डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकलंय, हळदीच्या मांडवात ऐकलंय आणि एका साहित्यिक परिसंवादातही ऐकलंय. परिसंवादात फरक एवढाच की तिथे ‘घुसडतात’ म्हणायच्या ऐवजी ‘अनाठायी भावुकतेचा शिरकाव’ असं म्हणाले.

मत मांडणाऱ्यांवर अन्याय नको, म्हणून ते त्यांच्याच ताकदीने मांडते. विज्ञानमालिका म्हणजे कल्पनेचा खेळ. काळात मागे जाता आलं तर काय होईल, यंत्राला जाणीव आली तर काय होईल, परग्रहावरचा जीव दारात येऊन उभा राहिला तर काय करायचं, असे प्रश्न तिथे असावेत. पण वाहिन्यांना बाईप्रेक्षक हवा असतो. मग यानात एक जोडपं बसवायचं, त्यांचं रुसणं-फुगणं दाखवायचं, की विज्ञान गेलं कडेला. भेदभावाचं म्हणाल, तर तो या प्रकारात नाहीच. उलट कॅप्टनच्या खुर्चीत बाई बसवली ती याच मालिकांनी. आणि शेवटी ही करमणूक आहे हो, तिथे कसलं आलंय बाई-पुरुष?

ऐकायला झकास आहे. पण यातला एकही मुद्दा उजेडात धरला तर टिकत नाही.

पहिला मुद्दा घुसडण्याचा. ज्या मालिकेपासून टीव्हीवरच्या विज्ञानकथेची गणती सुरू होते त्या ‘स्टार ट्रेक’चे 1966 ते 1969 या काळात 79 भाग झाले. आपल्याकडे ती दूरदर्शनवर लागायची, पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. त्यातला कॅप्टन कर्क थोड्या थोड्या भागांनी नव्या ग्रहावर उतरतो आणि नव्या बाईच्या मिठीत सापडतो. याला कोणी लव्हस्टोरी म्हणालं? कोणी म्हणालं की अरेरे, विज्ञानाची वाट लागली? नाही. त्याला धाडस म्हणाले. कर्कने चुंबन घेतलं की ते कथानक, आणि एखाद्या बाईने ‘आपलं पुढे काय?’ विचारलं की ती भानगड, असा हा हिशेब आहे.

त्याच मालिकेचा सर्वांत नावाजलेला भाग घ्या. 1967चा, मूळ लेखन हार्लन एलिसनचं. जहाजाचा डॉक्टर काळाच्या दारातून 1930च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो आणि एडिथ कीलर नावाच्या बाईचा अपघातातून जीव वाचवतो. त्यामुळे पुढचा इतिहास फिरतो आणि महायुद्ध जर्मनी जिंकतं. कर्क डॉक्टरला शोधत मागोमाग जातो, एडिथच्या प्रेमात पडतो आणि मग कळतं की भविष्य जागेवर यायचं तर तिला गाडीखाली मरू द्यावं लागेल. भाग सुंदर आहे, मी वाद घालत नाही. पण नीट बघा. कालप्रवासाची सगळी कल्पना टांगली आहे ती एका प्रेमाच्या खुंटीवर. खुंटी उपटा, कल्पना धप्पकन खाली. म्हणजे प्रेमाने विज्ञानकथेची वाट लागते हा सिद्धांत तिच्या सर्वोत्तम उदाहरणातच मोडीत निघतो. आता दुसरी गोष्ट बघा. मरते एडिथ. ती गरिबांसाठी अन्नछत्र चालवते, माणूस एक दिवस ताऱ्यांपर्यंत पोचेल असं बोलते, त्या अख्ख्या काळात भविष्य दिसणारी ती एकटीच. आपल्या मरणाचा एवढा खल झाला हे तिला अखेरपर्यंत कळत नाही. दुःख कोणाचं? कर्कचं. कॅमेरा कोणावर? कर्कवर.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. टीव्हीवरच्या विज्ञानकथेत प्रेम सुरुवातीपासून आहे आणि भरपूर आहे. फक्त पुरुषाचं प्रेम तिथे शोध म्हणून येतं आणि बाईचं प्रेम किंमत म्हणून. तो प्रेमात पडला की काहीतरी बनवतो, कुठेतरी जातो, कोणालातरी हरवतो. ती प्रेमात पडली की काहीतरी सोडते. आणि ज्यांना हे दिसत नाही तेच ‘लव्हस्टोरी पुढे ढकला’ म्हणतात.

ढकला हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. सारसोळे गावठाणातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी पुतण्या आणि त्याचे तीन-चार मित्र टीव्हीसमोर मांडी ठोकून बसतात. कुठल्याशा ओटीटीवरची मालिका चालू होती. पडद्यावर नवरा-बायको, दोघंही शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत भांडत होते: मोहिमेवर कोणी जायचं आणि मुलीजवळ कोणी थांबायचं. ‘ढकल रे पुढे, रडारड आहे.’ रिमोटवाल्याने ढकललं. पाच मिनिटं पुढे गेल्यावर दुसरा शास्त्रज्ञ एका यंत्रपुतळीचं बटण दाबत होता. कॅमेरा तिच्या पायाच्या बोटांपासून निघाला आणि डोक्यापर्यंत पोचायला त्याने चांगली मिनिटभर फुरसत घेतली. कोणी ढकललं नाही. पोरं गप्प. वहिनी मागे पाटावर बसून कोळंबी सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “याला बायको नको हाय रं, याला मशीनच पायजे.”

एवढ्या कमी शब्दांत ही समीक्षा मी कुठल्या मासिकात वाचलेली नाही. गंमत म्हणजे जो प्रसंग पोरांनी ढकलला तोच त्या भागातला खरा वैज्ञानिक पेच होता. मोहीम लांबली तर घरच्या माणसांच्या आयुष्याचं काय होतं? अंतराळप्रवासाचा हा मूळ प्रश्न आहे. पण तो बाईच्या तोंडी होता, म्हणून रडारड.

आता त्या कॅप्टनच्या खुर्चीकडे येऊ. ‘बाई कॅप्टन झाली, आता आणखी काय पाहिजे?’ हे वाक्य म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर दानशूर कर्णाचं तेज असतं. ती कॅप्टन म्हणजे कॅथरिन जेनवे, ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’, 1995 पासून. तिच्या शेजारी त्याच विश्वातला, थोडा आधीच्या ‘नेक्स्ट जनरेशन’मधला मुख्य इंजिनिअर जॉर्डी ला फोर्ज ठेवते. दोघांच्याही बाबतीत मालिकेने अगदी एकच प्रयोग केला: संगणकाने घडवलेल्या, प्रकाशाच्या माणसाच्या प्रेमात पाडलं. एवढी जुळणारी जोडी प्रयोगशाळेतही मिळायची नाही.

1989च्या भागात जहाज सापळ्यात अडकतं. जॉर्डी संगणकाला सांगून जहाजाची इंजिनं रचणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉक्टर लिया ब्राह्म्सची प्रतिकृती उभी करतो. आधी ती नुसती माहिती सांगते, मग तो तिला व्यक्तिमत्त्व देववतो, मग ती त्याच्यासाठी स्वयंपाक करू लागते आणि मग चुंबन. इंजिनाच्या दुरुस्तीत स्वयंपाक कुठून आला, हे विचारू नका. 1991मध्ये खरी लिया ब्राह्म्स जहाजावर येते. ती कामाला काटेकोर आहे, जॉर्डीने इंजिनात केलेल्या फेरफारांवर चिडलेली आहे आणि तिचं लग्न झालेलं आहे. हे शेवटचं तिने सांगेपर्यंत साहेबांना ठाऊकच नाही. मग तिला ती प्रतिकृती सापडते. आपल्याच चेहऱ्याची, आपल्याच आवाजाची बाई, आपल्याला न विचारता बनवलेली, एका परक्या पुरुषाला गोड बोलणारी. ती संतापते. मग? मग जॉर्डी उलटा तिच्यावर चिडतो की मी तुझ्याशी चांगलं वागायला बघत होतो. भाग संपेपर्यंत ती मवाळ होते, दोघं हसतात, झालं गेलं गंगेला मिळालं. आणि 1994च्या शेवटच्या भागात, पंचवीस वर्षांनंतरच्या भविष्यात, जॉर्डीच्या बायकोचं नाव काय आहे? लिया. बक्षीस समारंभ संपन्न.

जेनवेचं काय? घर सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर. मागे राहिलेल्या होणाऱ्या नवऱ्याचं पत्र 1998च्या भागात पोचतं, त्याने दुसरं लग्न केलंय. हाताखालच्या माणसाशी नातं जोडायचं नाही, कारण ती कॅप्टन. 2000 साली तिला एका काल्पनिक आयरिश गावातला, प्रकाशाचाच बनलेला खानावळवाला आवडतो. ती संगणकाला सांगते: थोडा उंच कर, थोडा वाचन करणारा कर, आणि त्याची बायको पुसून टाक. मला हा प्रसंग फार आवडतो. बाईने निर्लज्जपणे हवं ते मागावं असे क्षण टीव्हीवर मोजकेच असतात. पण लगेच हिशेब चुकता होतो. तिला शरम वाटते. जहाजाच्या डॉक्टरपुढे बसून कबुली द्यावी लागते. आणि शेवटी ती संगणकाला हुकूम करते की यापुढे त्या माणसात फेरफार करायची मला परवानगी नाही. स्वतःच्या हाताने स्वतःला कुलूप.

मान्य, जेनवे जॉर्डीपेक्षा शहाणी वागली. पण शहाणपण तिच्याकडूनच का वसूल केलं? तिच्या खानावळवाल्याचा खरा अवतार कुठेच नव्हता. तिने कोणाही जिवंत माणसाचा चेहरा चोरला नव्हता. ज्याने चोरला त्याला बायको मिळाली. जिने कोणाचंच काही घेतलं नाही तिला पश्चात्ताप मिळाला. खुर्ची दिली हो, खुर्ची दिली. खुर्चीवर बसण्याची फी किती घेतली ते पावतीवर लिहायचं राहिलं.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे असं नसतं, असं कोणी म्हणत असेल तर थांबा. 2016 साली मराठीत ‘फुंतरू’ आला. ‘शाळा’ करणाऱ्या सुजय डहाकेचाच चित्रपट. मराठीत विज्ञानपट करायची छाती दाखवली याबद्दल त्याचं कौतुक मी आजही करते. पण कल्पना काय? इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा आवडत्या मुलीची होलोग्राम प्रतिकृती बनवतो. पंचवीस वर्षं उलटली, भाषा बदलली, खंड बदलला. पुरुषाच्या डोक्यातला शोध मात्र तोच. खरी मुलगी होकार देत नाही ना, मग तिची प्रत काढा.

आणि त्याच 2016मध्ये हिंदी वाहिनीवर ‘बहू हमारी रजनीकांत’ आली. मराठी घरांतही ती पाहिली गेली. शास्त्रज्ञ तरुण एक अतिप्रगत यंत्रस्त्री बनवतो, ती घरी येते आणि घरची मंडळी तिलाच सून समजतात. विनोदी मालिका, हलकीफुलकी, मान्य. करमणुकीत काय बाई-पुरुष शोधता, हा मुद्दा इथे हमखास येतो. पण विनोद चालायचा असेल तर त्याच्या पोटातली एक गोष्ट प्रेक्षकाला आधीपासून पटलेली असावी लागते. इथे पटलेली गोष्ट अशी की घरातली सून आणि यंत्र यांच्यातला फरक घरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. हसलो आपण सगळे. कशावर हसलो ते एकदा सावकाश मनाशी म्हणून बघा.

त्याआधी 1985ची ‘स्मॉल वंडर’, बाप इंजिनिअर, यंत्रमुलगी मुलाच्या खोलीतल्या कपाटात झोपते. तिचीच आपली आवृत्ती 2003ची ‘करिश्मा का करिश्मा’. त्यानंतर 2024चा ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’. यात तर यंत्रस्त्री घडवणारी शास्त्रज्ञ नायकाची मावशीच आहे, डिंपल कपाडिया. म्हणजे बाईच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला तरी तिने बनवायचं काय, हे ठरलेलंच. भाच्यासाठी नाही म्हणू न शकणारी मुलगी.

माझा प्रश्न साधा आहे. रोबो जावई कुठे आहे?

विचार करा. सासुरवाडीला आला की दिवाणावर आडवा होणार नाही. धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट नको, अनारसे नकोत, भिंतीला एक सॉकेट दिलं की खूश. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हटल्यावर न सांगता शेक देईल. बायको बोलत असताना मोबाइल बघणार नाही, कारण मोबाइल त्याच्या पोटातच आहे. दारू पिणार नाही, पीठ मळेल, लेकीच्या शाळेच्या मीटिंगला जाईल आणि ‘मी मदत केली’ असं चारचौघांत सांगणार नाही. अशी मालिका आली तर गावठाणातल्या प्रत्येक घरात टीव्हीसमोर जेवणं होतील. तरी एकाही वाहिनीला ही कल्पना का सुचली नाही? परग्रहावरचे तीन डोळ्यांचे प्राणी सुचतात, माणसाची माशी झालेली सुचते आणि घरकाम करणारा नवरा सुचत नाही? कल्पनाशक्तीचा खेळ म्हणे.

‘चिट्टी विसरलात का?’ असं कोणीतरी म्हणणारच. नाही विसरले. 2010चा ‘एंदिरन’, आपल्याकडे ‘रोबोट’ म्हणून टीव्हीवर इतक्या वेळा लागला की विसरायची सोयच नाही. पुरुष यंत्र आहे, प्रेमातही पडतं. पण पुढे बघा. यंत्रबाईचं प्रेम म्हणजे चहाचा कप आणि स्मितहास्य. यंत्रपुरुषाचं प्रेम म्हणजे नकार ऐकल्यावर अर्धं शहर उद्ध्वस्त, हजार प्रती, हेलिकॉप्टरं. यंत्रालासुद्धा आपण मुलगा म्हणून वेगळं वाढवतो.

बाईने यंत्रपुरुष मागवला तर काय होतं, हे दाखवणारी एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती या सगळ्यांच्या वर बसते. ‘ब्लॅक मिरर’मधला 2013चा भाग. एका बाईचा जोडीदार अपघातात जातो. ती त्याच्या जुन्या संदेशांतून, आवाजातून घडवलेलं यंत्र मागवते. ते हुबेहूब आहे, प्रेमळ आहे, सांगितलेलं सगळं ऐकतं. आणि तिला ते सहन होत नाही, नेमकं ऐकतं म्हणूनच. खरा जोडीदार अडून बसला असता, भांडला असता. हे म्हणतं, बरं, जातो. जॉर्डीला आणि त्याच्या सगळ्या भाऊबंदांना जे हवं होतं, न भांडणारं माणूस, तेच तिला नको झालं. हा भाग लिहिणारा चार्ली ब्रूकर पुरुष आहे. तेव्हा ‘पुरुष लेखकांना कसं कळणार’ ही पळवाटही मी ठेवत नाही. कळतं. लिहायचं असेल तर कळतं.

मग येतात स्कलीबाई. बरोबरीचा मुद्दा हरत आला की ‘एक्स-फाइल्स’ काढतात. डेना स्कली, डॉक्टर, संशयवादी, पुरुष जोडीदार मल्डरच्या तोडीस तोड. तिला पाहून कितीतरी मुली विज्ञानाकडे वळल्या. 2018 साली जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटने यावर अभ्यासही केला. हे श्रेय मी एका शब्दाने कमी करत नाही. पण प्रश्न नोकरीचा नव्हता, प्रेमाचा होता. मल्डर आणि स्कली यांच्या नात्यात मल्डरच्या वाट्याला येतो शोध: बहिणीचा, सत्याचा, सरकारी कटाचा. स्कलीच्या वाट्याला येतं शरीर. तिचं अपहरण, तिची बीजांडं काढून घेणं, कर्करोग, मूल होणार नाही असं निदान, मग गूढ गर्भारपण, मग 2002मध्ये मुलाच्याच सुरक्षेसाठी त्याला दत्तक देऊन टाकणं. वर्षानुवर्षं तिच्या पोटावर कथानक चाललं. तो सत्य शोधत होता आणि ती सत्य भोगत होती. याला बरोबरी म्हणायचं असेल तर म्हणा.

आता ‘बायकांना या प्रकारातलं कळत नाही, त्यांना हवी म्हणून लव्हस्टोरी’ हा मुद्दा. याचा निकाल लवकर लागतो. ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा पत्रांचा पाऊस पाडून तिसरा हंगाम मिळवून देणाऱ्या मोहिमेच्या पुढे बिजो ट्रिंबल ही बाई होती. मालिकेचं पहिलं चाहता-मासिक ‘स्पॉकानालिया’ 1967मध्ये काढलं ते दोन बायकांनी. कर्कचा सहकारी स्पॉक याला पहिल्यांदा प्रेमात पाडणारा भाग आणि त्याच्या आई-बापांची गोष्ट लिहिली डी. सी. फॉन्टाना यांनी, नावाची आद्याक्षरं एवढ्यासाठी की ‘डोरोथी’ वाचून कोणी संहिता बाजूला ठेवू नये. ज्या प्रकारात बायका घुसल्या म्हणता तो प्रकार उभा कोणी केला? मेरी शेलीने, 1818 साली, विशीत. आणि तिच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये हा सगळा वाद आधीच होऊन गेलेला आहे. राक्षस आपल्यासाठी जोडीदारीण मागतो. व्हिक्टर ती बनवायला घेतो आणि अर्ध्यात फाडून टाकतो. भीती कसली? एक भीती ही, की तिच्या जन्माआधी झालेला करार तिने मानलाच नाही तर? तिला हा राक्षस आवडलाच नाही तर? दोनशे वर्षांपूर्वी एका मुलीने लिहून ठेवलंय की बनवलेल्या बाईलाही मत असेल. त्यानंतरचे शास्त्रज्ञ नायक ते पान न वाचताच बटण दाबतात.

आपल्याकडचीही एक नोंद देते. 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली, हे सर्वश्रुत आहे. ती पत्नी म्हणजे मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. आधुनिक मराठी विज्ञानकथेची सर्वांत गाजलेली हस्तलिखित प्रत एका गणिती बाईच्या अक्षरात होती. आणि आम्हाला विज्ञान कळत नाही.

शेवटचा गड उरतो तो निसर्गाचा. ‘अहो, पुरुष दूर जाणार, बाई वाट बघणार, हे अनादी आहे, मालिकांनी काय करावं?’ हे वाक्य कोळीवाड्यात उभं राहून बोलायला धैर्य लागतं. सारसोळ्याच्या खाडीत होडी घेऊन पुरुष गेला की बाई खिडकीत बसून उसासे टाकत नाही. ती पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठते, भाव ठरवते, पैसा तिच्या कमरेला असतो. आमच्या आगरी-कोळ्यांच्या जुन्या लग्नांत धवलारणीच्या धवल्यांवाचून पान हलत नसे. लग्न लावायचं काम बाईचं. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीची पूजा होते ती घरी बसून राहिली नव्हती. नवऱ्याला परत आणायला मृत्यूच्या हद्दीत चालत गेली आणि यमाला वादात हरवून आली. ही गोष्ट पुरुषाची असती तर आतापर्यंत तिचे आठ हंगाम झाले असते. बाईची आहे म्हणून तिचं व्रत झालं.

आणि निसर्गाचंच म्हणाल, तर खऱ्या आकाशात काय घडतंय ते बघा. 1983मध्ये सॅली राइड अंतराळात निघाली तेव्हा पत्रकारांनी विचारलं, काम बिघडलं की तू रडतेस का? आठवडाभराच्या मोहिमेसाठी शंभर टॅम्पॉन पुरतील का, असं इंजिनिअरांनी विचारलं. तिथपासून जग बरंच पुढे आलं. 5 जून 2024 रोजी सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी म्हणून वर गेल्या आणि 286 दिवसांनी परतल्या. मराठी वृत्तवाहिन्यांनी ते उतरणं थेट दाखवलं. त्या वर होत्या तेव्हा त्यांचे यजमान खाली जमिनीवर होते. नऊ महिने वाट बघणारा नवरा: कुत्र्यांना फिरायला नेणारा, वाढदिवस एकट्याने काढणारा, यानात पुन्हा गळती निघाली असं बातम्यांत ऐकून चहा गार होऊ देणारा. विज्ञानकथा आहे, प्रेमकथा आहे, दोन्ही एकाच वेळी आहे आणि कुठल्याही प्रतिकृतीची गरज नाही. कोणी केली ही मालिका? हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच.

म्हणून प्रेम कमी करा असं मला कोणी सांगू नये. कमी करायचंच असेल तर बटण दाबून उठणाऱ्या मुली कमी करा, नायकाचा निश्चय पक्का व्हावा म्हणून मरणाऱ्या बायका कमी करा, पोटावर चालणारी कथानकं कमी करा. मराठी मालिकांच्या लेखकांनो, रोज रात्री साडेआठला तुम्ही एका बाईला वाट बघायला बसवता, त्यात तुमचा हात बसलेला आहे. तोच हात घेऊन एकदा तिला वर पाठवा आणि त्याला खाली बसवा, तीनशे भाग. टीआरपीसाठी कोणाला तरी रडवणं भागच असेल, तर या वेळी त्याला रडवा.